तांब्यातला फोन गप्प झाला

झालं. त्या गाण्यांच्या अॅपचं मॉडही, म्हणजे फेरफार केलेली फुकट आवृत्तीही, बंद पडलं. काल रात्री कोपरखैरण्याच्या घरी बाबांनी तांब्यातून फोन काढून माझ्यापुढे धरला, ‘‘अगं, हे बघ, सारखं लॉगिन मागतंय.’’ तांब्या अशासाठी की पितळेत फोन उभा केला की अभंग घुमतो. मी आणलेला ब्लूटूथ स्पीकर शोकेसमध्ये आहे, प्लास्टिकसकट.

मॉड म्हणजे चोरी, हे मला शिकवू नका. मूळ अॅप उघडायचं, जाहिराती आणि प्रीमियमचं कुलूप काढायचं आणि परत बांधायचं. पण परत बांधलं की कंपनीची डिजिटल सही उरत नाही, आणि सर्व्हर ती तपासायला लागला की खेळ खल्लास. मार्च 2022 मध्ये गूगलचं कायदेशीर पत्र आल्यावर यूट्यूबचं मॉड बनवणाऱ्या व्हॅन्स्डवाल्यांनी गाशा गुंडाळला, तेव्हाही मी दोन दिवस धुसफुसले आणि गप्प बसले. आपल्या कॉपीराइट कायद्यातही 2012 पासून कलम 65अ आहे, कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. माहितीये सगळं.

पण स्क्रीन बंद ठेवून गाणं ऐकायचे पैसे? अहो, साध्या बटणांच्या फोनवर मेमरी कार्डातली गाणी खिशात टाकून मी ठाणे-वाशी लोंबकळत ऐकलीत! फोनला ते येतंच. यांनी आधी मुद्दाम बंद केलं आणि आता तेच ‘सुविधा’ म्हणून विकायला बसलेत. जाहिराती दाखवा, समजू शकते. हे नाही समजत.

आता मूळ अॅपवर बाबा रात्रभर स्क्रीन चालू ठेवून झोपले. सकाळी तांब्या कोमट. मध्ये अडीच वाजता आतून एक बाई ओरडली, ‘‘पाच मिनिटांत पर्सनल लोन!’’ आई दचकून उठून बसली.

‘‘घेऊन टाक ना प्रीमियम,’’ इति भाऊ. हा स्वतः माझ्या पासवर्डावर मॅच बघतो. क्रिकेटचं वेगळं, आईच्या मालिकांचं वेगळं, आता अभंगांचंही वेगळं. दर महिन्याला हप्ते फेडल्यासारखं वाटतं.

आणि खरी आग कुठे लागली सांगू? बरं चालणारं मॉड गेलं की त्याच नावाची बांडगुळं उगवतात. आज दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, ‘नवीन एपीके, शंभर टक्के चालू’. एपीके म्हणजे प्ले स्टोअरबाहेरूनही फोनमध्ये टाकता येणारी अॅपची फाइल. बाबांनी ते फोनमध्ये टाकलं पण! गाणी वाजवणाऱ्या अॅपला एसएमएस वाचायची परवानगी हवी होती. पेन्शनच्या खात्याचे ओटीपी तिथेच येतात ना. बाबांचं बोट ‘अलाउ’वर होतं, मी फोन अक्षरशः हिसकावला. ते रागावले ते वेगळंच.

‘‘मग रेडिओ काढ माळ्यावरून,’’ म्हणाले. काढला. आत सेल गळून हिरवे झालेत, स्प्रिंगच तुटून हातात आली.