पिंग होतंय की!

कालचीच गोष्ट आहे, अजून डोकं ठिकाणावर नाही. अर्ध्या ऑफिसला बिलिंगचं सॉफ्टवेअर दिसत होतं, अर्ध्याला नाही, आणि न दिसणाऱ्यांपैकी एक साहेब थेट माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मागे माणूस उभा असला की मला स्वतःचा पासवर्डसुद्धा धड टाइप करता येत नाही.

"पिंग करा."

केलं, म्हणजे सर्व्हरच्या आयपीला, नेटवर्कवरच्या त्याच्या पत्त्याला, 'आहेस का?' विचारलं. रिप्लाय आला.

"झालं की मग! सर्व्हर चालू आहे."

"सर, पिंग म्हणजे त्या आयपीवर कोणीतरी जिवंत आहे एवढंच. सॉफ्टवेअर पोर्टवर चालतं, म्हणजे मशीनच्या ठरावीक नंबरच्या दारावर. पिंगला पोर्ट नसतोच, ते आयसीएमपी, वेगळाच प्रोटोकॉल."

"पण रिप्लाय येतोय ना?"

"येतोय."

"मग?"

ह्या 'मग'वर आजवर कोणत्याही सिस्टिम अ‍ॅडमिनकडे उत्तर नाही. एसएसएच मारलं, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करायला गेलो, तर कनेक्शन रिफ्यूज्ड. टाइमआउट आला असता तर आधी फायरवॉलवर संशय घेतला असता, पण रिफ्यूज्ड म्हणजे बहुतेक वेळा पलीकडे मशीन आहे आणि ते सरळ सांगतंय की इथे २२ नंबरवर, एसएसएचच्या पोर्टवर, कोणी बसत नाही. साहेब म्हणाले रीस्टार्ट करा. मी ऐकलं नाही असं दाखवून तोच आयपी ब्राउझरमध्ये टाकला, आणि लॉगिन पेजच्या जागी मोठ्या अक्षरात आलं, ब्लॅक टोनर लो.

साहेबांचा चेहरा उजळला. "बघा, सापडलं! सर्व्हरचा टोनर संपलाय."

मी काही बोललो नाही. खरंच नाही बोललो.

एआरपी टेबल, म्हणजे कोणता आयपी कोणत्या मशीनचा याची कम्प्युटरने ठेवलेली यादी, बघितलं तर मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे मशीनच्या नेटवर्क कार्डाचा नंबर, आमच्या सर्व्हरचा नव्हताच, पहिले तीन बाइट प्रिंटर कंपनीचे. कोणीतरी मला न विचारता नवा प्रिंटर लावला होता आणि त्याला हाताने आयपी दिला होता. एका स्लॅश चोवीस आकाराच्या नेटवर्कमध्ये २५४ पत्ते वापरायला मिळतात हो, त्यातला नेमका सर्व्हरचाच उचलायचा म्हणजे कमाल आहे. आणि हे एआरपी, १९८२ सालचं, आरएफसी ८२६ ह्या इंटरनेटच्या नियमपत्रातलं, किती भोळं असावं! 'हा आयपी कोणाचा' असं सगळ्यांना विचारायचं आणि जो 'माझा' म्हणेल त्याचं खरं मानायचं, ओळखपत्र वगैरे भानगडच नाही. म्हणून ज्यांच्या कॅशमध्ये, म्हणजे कम्प्युटरच्या तात्पुरत्या नोंदीत, सर्व्हरचा मॅक होता ते बिलं काढत होते आणि बाकीचे प्रिंटरकडे बिलं मागत होते.

असले खोटे एआरपी अडवणारे स्विच मिळतात. मी मागितले की बजेट नसतं, प्रिंटरला असतं. प्रिंटर कोणी लावला हे शेवटपर्यंत कोणी विचारलं नाही, वर संध्याकाळी सगळ्या ऑफिसला मेल गेली की 'सर्व्हरमधील तांत्रिक बिघाड आयटी विभागाने दुरुस्त केला आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व'. बिघाड सर्व्हरचा, क्षमा माझी.

त्यावर साहेबांचं रिप्लाय ऑल: "टोनर मागवला आहे."