वही खायला घालणार का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला, म्हणून आज लिहायला बसलोय. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक परिसरातल्या बेघर माणसांच्या नावांची आम्ही जी वही ठेवतो आणि महिन्याला जी बैठक घेतो, त्याबद्दल तो लेख होता. त्यावर तुमचं म्हणणं असं : आमचं मंडळ दर थंडीत ब्लँकेटं वाटतं, तुम्ही नुसत्या याद्या करता, भुकेल्याला वही खायला घालणार का? अमेरिकेतल्या गोष्टी इथं सांगू नका, एक निवारा बांधा. आणि ही सगळी बाहेरची माणसं, सोय केली की आणखी येतील.

एक गोष्ट आधीच मान्य. 'बेघरमुक्त वाळूज' हे त्या लेखाचं शीर्षक चुकलं. मुक्त-बिक्त काही झालेलं नाही. बदलतो.

आता ब्लँकेट. वाळूजजवळच्या आपल्या छोट्या पंढरपुरात एका बंद दुकानाच्या ओट्यावर एक म्हातारा झोपायचा. आम्ही त्याला मामा म्हणतो. डिसेंबरातल्या एका रात्री दोन तासांत तीन गट त्याच्याकडं येऊन गेले. मामाच्या अंगाखाली चार ब्लँकेटं, उशाला पाचवं आणि बाजूला खिचडीचे दोन डबे, न उघडलेले. त्याच रात्री रांजणगाव फाट्याकडं एक बाई दोन लेकरं घेऊन सिमेंटच्या पाइपात झोपली होती. तिकडं कुणी फिरकलं नाही. उजेड नाही, गाडी लावायला जागा नाही, फोटोही नीट येत नाही. टोमणा मारत नाही, त्या तीन गटांपैकी एक आमचाच होता. वही सुरू झाली ती त्यानंतर.

मामाचंच पुढं सांगतो. पॉवर प्रेसवर उजव्या हाताची चार बोटं गेली. ठेकेदाराकडं हजेरीवर काम, ईएसआयचा म्हणजे कामगार विम्याचा नंबर कधी काढलेलाच नाही. भाडं थकलं, खोलीमालकानं पत्र्याची पेटी बाहेर ठेवली, सकाळी पेटी गायब. कागदपत्रं त्यातच होती. पुन्हा आधार काढायला गेलो तर दोन केंद्रांवरून परत पाठवलं, म्हणे बोटांचे ठसे पुरे येत नाहीत. खरं तर बोटं नसली तरी बुबुळांवरून नोंद होते, तसा नियमच आहे. हे आम्हाला कुणी सांगितलं? बैठकीला येणाऱ्या आशाताईंनी, त्यांच्या वस्तीत असंच एक प्रकरण झालं होतं म्हणून. आधार झालं तेव्हा रेशनचा अर्ज पुढं सरकला. खोलीसाठी मालकाला हमी हवी होती, तिथं किराणावाले शेठ उभे राहिले. यातलं एकेक काम पाच-दहा मिनिटांचं, पण ज्याला जे माहीत ती माणसं एकमेकांना ओळखतच नव्हती.

आणि हे गोड गोड वाटू नये म्हणून सांगतो, वीस दिवसांनी मामा परत ओट्यावर. विचारलं तर म्हणाला, "खोलीत झोपच लागंना. हितं रातचा चहावाला हाक तरी मारतो. तिकडं मेलो तर वासावरनंच कळंल." आम्ही चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. मग वहीत बघितलं, जोगेश्वरीचा एक माणूस खोलीच शोधत होता, एकट्याला भाडं झेपत नव्हतं. आता दोघं एकत्र राहतात, रोज भांडतात.

अमेरिकेचं म्हणाल तर इलिनॉय राज्यातलं रॉकफर्ड मी पैशासाठी दाखवलं नव्हतं. तेवढा पैसा आपल्याकडं नाही, हे मलाही कळतं. तिथं प्रत्येक बेघर माणसाची नावानिशी यादी ठेवली आणि सगळी खाती ती यादी घेऊन एका टेबलाला बसली. 2015 मध्ये माजी सैनिकांपुरतं आणि 2017 मध्ये वर्षानुवर्षं रस्त्यावर असलेल्यांपुरतं त्यांनी शून्य गाठलं. त्यांच्या हिशेबात शून्य म्हणजे कुणाचं घर जातच नाही असं नव्हे, गेलंच तर माणूस रस्त्यावर फार दिवस राहत नाही. मी घेतली ती यादीची सवय. वहीला चाळीस रुपये पडले.

निवारा हवाच, त्यात वाद नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच मोठ्या शहरांसाठी लाख लोकसंख्येमागं एक, चोवीस तास आणि बारा महिने उघडा निवारा सांगितला. नागरी उपजीविका अभियानातून त्यासाठी निधीही आला, माणशी किमान 50 चौरस फूट जागा असा निकष होता. पण योजनेच्या नावातच 'नागरी', म्हणजे शहरी, आहे. आपल्याकडं लोकवस्ती शहराची आणि कारभार ग्रामपंचायतींचा. इकडं एमआयडीसी, तिकडं सिडको, मध्ये रांजणगाव, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी. कुणाच्याही दारात जा, उत्तर एकच : आमच्या हद्दीत येत नाही. शहरातल्या निवाऱ्यात पाठवा म्हणाल, तर ज्याला सकाळी सातला इथल्या मजूर अड्ड्यावर उभं राहायचंय तो रात्री तिकडं झोपायला कसा जाईल? म्हणून बैठकीला ग्रामपंचायत सदस्य आणि हवालदार दोघंही लागतात. हद्दीचा वाद समोरासमोर पाच मिनिटांत मिटतो, कागदावर सहा महिने चालतो.

हवालदारांवरून आठवलं. थांब्यावर एक मनोरुग्ण बाई बसून असायची. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 100 प्रमाणं अशा व्यक्तीला चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत पोचवणं पोलिसांचं काम आहे, कोठडीत ठेवता येत नाही. छापील कलम दाखवलं तेव्हा हवालदार म्हणाले, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." दुसऱ्या दिवशी स्वतः गाडी घेऊन आले.

तरीही वही पोलिसांकडं देत नाही. 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा दिल्लीत उच्च न्यायालयानं 2018 मध्ये बऱ्याच अंशी रद्द केला, आपल्याकडं तो अजून लागू आहे. त्यात वॉरंटशिवाय पकडता येतं आणि एक ते तीन वर्षं डांबता येतं. अशा कायद्याच्या हातात नावांची यादी कोण देईल? वही इथल्या एका मेडिकल दुकानाच्या गल्ल्याखाली असते, तिच्यात आधार नंबर नाही, फोटो नाही. ज्यानं नाव सांगितलं नाही त्याचं टोपणनाव.

राहता राहिलं 'बाहेरची माणसं'. बजाजचा कारखाना 1985 ला इथं सुरू झाला, माझे वडील त्याच्या पुढच्या वर्षी गेवराईहून आले. पहिले आठ दिवस ते एका हॉटेलच्या बाकड्यावर झोपत होते. तुमच्या घरातलं कोण कधी आलं, ते तुम्हीच सांगा.

ब्लँकेटं थांबवू नका. फक्त वाटायच्या दिवशी आधी मेडिकलवर चौकशी करा, कुठं कमी आहेत ते सांगतील. आणि जमलंच तर यंदा काही पैसे मे अखेरपर्यंत राखून ठेवा. पावसाळ्यात मेणकापड लागतं, ते मात्र कुणीच वाटत नाही.