बेने इस्रायल बदललेच नाहीत म्हणे

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. मजकूर साधारण असा की कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंनी दोन हजार वर्षं आपला धर्म तसूभरही न बदलता जपला, आजूबाजूचं काही घेतलं नाही, बायकांनी धर्मात लुडबुड केली नाही, आपसात वाद नाहीत, आणि शेवटी ठरलेला टोमणा, ‘नाहीतर आपण!’ कौतुक म्हणून पाठवतात लोक, पण यातलं बरंचसं चूक आहे, तेव्हा एकेक घेतो.

पहिलं, तसूभरही न बदलता. जपलं ते खरंच जपलं, शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, या तेल्यांचा घाणा त्या दिवशी बंद, म्हणून तर गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. सुंता होती, शेमा ही प्रार्थना होती. पण त्यांचीच जुनी कथा घ्या. डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू बाहेरून आला आणि हे लोक खरंच ज्यू आहेत का बघायला त्याने बायकांना मिसळलेली मासळी रांधायला दिली, तर त्यांनी खवले आणि पर असलेली तेवढीच घेतली, बाकीची बाजूला काढली, कारण ज्यूंना तेवढीच चालते. पास झाले! पण कथा इथे संपत नाही, पुढे त्याने तिघांना शिकवून तयार केलं, ते काझी, म्हणजे समाजाचे धर्मकार्य बघणारे, झाले. म्हणजे विसरलेलं परत शिकलो हे ते स्वतःच सांगतात. (रहाबी नक्की कुठल्या काळातला यावर अभ्यासकांचं भांडण आहे, ते असू दे.) आणि सणांची नावं बघा की, नव्याचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, दारं लावून घरात बसायचं म्हणून दारफाळणी, आणि जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा जो शोकाचा दिवस त्याला वालाचं बिरडं. हिब्रू नावं आणि पूर्ण विधी नंतर आले, मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) तर 1796 चं, समाजी दिवेकरांनी बांधलेलं, आणि त्याला लोक म्हणायचे जुनी मशीद.

दुसरं, बाहेरचं काही घेतलं नाही. इथे तर हसूच येतं. लग्नात मेंदी, गळ्यात मंगळसूत्र. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा, म्हणजे पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. कीर्तन ऐकून 1880 च्या सुमारास यांनी स्वतःची कीर्तनं सुरू केली, बायबलमधल्या कथा आणि चाली आपल्या. हिब्रू शिकायला मिशनऱ्यांचा उपयोग करून घेतला आणि ख्रिस्ती मात्र सहसा झाले नाहीत, हे मला सगळ्यात भारी वाटतं. पेसाहच्या सणाला वाचायची पोथी, हगादा, 1846 ला मुंबईत मराठी भाषांतरासकट शिळाछापावर निघाली, 1874 च्या पुण्याच्या प्रतीत तर मत्झा (त्या सणाची बिनखमिराची भाकरी) करणाऱ्या बायका चक्क लुगड्यात आहेत.

तिसरं बायकांचं. डॉ. जेरुशा झिराड, कामा हॉस्पिटलच्या सुपरिंटेंडंट, पुढे 1966 ला पद्मश्री. लंडनला डॉक्टरी शिकताना तिथल्या उदारमतवादी ज्यूंशी त्यांची ओळख झाली, त्यात लिली माँटेग्यू या बाई पुढारी होत्या. परत आल्यावर 1925 ला मुंबईत ज्युइश रिलिजियस युनियन उभी राहिली ती झिराडबाईंच्या पुढाकाराने, त्यातूनच भायखळ्याचं रोदेफ शालोम, प्रोग्रेसिव्ह, म्हणजे उदारमतवादी, पंथाचं सिनेगॉग. आजूबाजूची सगळी सिनेगॉग जुन्या वळणाची असताना एका बाईने वेगळी मंडळी उभी करायची, तीही 1925 ला, याला लुडबुड नाही तर काय म्हणायचं?

चौथं, वाद नाहीत. अहो, समाजातच गोरा इस्रायल आणि काळा इस्रायल असा भेद होता, मिश्र लग्नांच्या संततीला वेगळं धरायचे. पुढे इस्रायलला गेल्यावर 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, फर्मान काढलं की बेने इस्रायल माणसाचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावायचं तर आधी मागच्या पिढ्या तपासा, कारण कोकणात घटस्फोट ज्यू कायद्याप्रमाणे होत होते का ही शंका. लोक रस्त्यावर उतरले, 1964 ला सरकारला सांगावं लागलं की हे सगळ्या बाबतीत ज्यूच आहेत आणि रब्बींना फर्मान बदलावं लागलं. म्हणजे ज्यांना इथे ‘कधी बदललेच नाहीत’ म्हणून डोक्यावर घेतात त्यांना तिथे ‘तुमच्या रीती वेगळ्या’ म्हणून दारात अडवलं होतं.

आणि वाद संपलेलेही नाहीत. 1950 च्या आसपास वीसेक हजार होते, आता भारतात चार-पाच हजार, मग मुलांची लग्नं जमवायची कुणाशी? बाहेर लग्न केलं आणि आई ज्यू नसेल तर मूल ज्यू का? जुनं वळण म्हणतं नाही, आधी रीतसर धर्मांतर. अमेरिकेतल्या रिफॉर्म, म्हणजे सुधारक पंथाच्या, रब्बींनी 1983 ला ठरवलं की बाप ज्यू असेल आणि मूल ज्यू म्हणून वाढवलं तर चालेल, त्यावरून जगभर अजून जुंपलेली आहे.

राहिला फॉरवर्डमधला फोटो. लांब काळे कोट, डोक्यावर फरच्या गोल टोप्या. तो पूर्व युरोपातल्या हसीदी या कर्मठ पंथाच्या ज्यूंचा पेहराव आहे हो, बेने इस्रायलांच्या नवगाव-अलिबागचा काय संबंध? ती टोपी घालून मे महिन्यात अलिबागच्या एसटी स्टँडवर दहा मिनिटं उभं राहून दाखवा, मग बोलू.