स्वेडवरचे वलय आणि माझी एक चूक: प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

चामडे आणि स्वेड (मखमली लव असलेले चामडे) यांवरचे डाग काढण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ती कडक आहे, पण नेमकी आहे, आणि म्हणूनच दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला पटले नाही. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. स्वेडच्या बुटावर तेलाचा डाग पडला म्हणून लेखात लिहिल्याप्रमाणे आपण त्यावर टाल्कम पावडर टाकली, ती झटकून ओलसर फडक्याने जागा पुसली, आणि तेलाचा डाग फिका झाला तरी त्याच्याभोवती पूर्वी नसलेले मोठे वलय उमटले. दुसरे, स्वेडला पाणी लावू नका असे एका परिच्छेदात बजावणारा मीच पुढे सबंध बूट ओला करायला सांगतो, ही उघड विसंगती आहे. तिसरे, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट आणि हेअरस्प्रे हे अनेकांनी करून पाहिलेले उपाय मी कारण न देता मोडीत काढले. चौथ्या मुद्द्यात थोडा टोमणा आहे: शेवटी ‘जाणकाराकडे द्यावे’ असेच म्हणायचे होते, तर लेख लिहिण्याचा खटाटोप कशासाठी?

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. ‘पावडर झटकून जागा ओलसर फडक्याने पुसून घ्यावी’ हे वाक्य मी गुळगुळीत, रंगाचा थर असलेल्या चामड्यासाठी लिहिले होते; परंतु ज्या परिच्छेदात ते आले त्याची सुरुवात ‘चामडे असो वा स्वेड’ अशी होती. वाचणाऱ्याने त्याचा जो अर्थ घ्यायला हवा तोच आपण घेतला. ते वाक्य आता दुरुस्त केले आहे. पण बुटावरचे वलय काही त्याने जाणार नाही, त्यामुळे ते का उमटले हे आधी सांगतो आणि त्याचे काय करावे हे अखेरीस.

कॉफीचा थेंब टेबलावर वाळला की मध्ये फिका आणि कडेला गडद असा गोल राहतो, हे प्रत्येकाने पाहिलेले असते. तसे का होते याचे स्पष्टीकरण रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दिले. थेंबाची कड जागची हलत नाही, तिथले पाणी सर्वांत वेगाने उडून जाते, त्याची भरपाई करण्यासाठी मधले पाणी कडेकडे वाहत राहते आणि जाताना स्वतःबरोबर सगळा गाळ घेऊन जाते. स्वेडवर हाच प्रकार अधिक वाईट रीतीने घडतो, कारण स्वेड सच्छिद्र असते आणि त्याच्यावर कोणताही संरक्षक थर नसतो. ओलावा तंतूंमधून पसरत जातो. सुटा रंग, लवेत बसलेली धूळ, घामाचे क्षार आणि आपल्या बाबतीत उरलेली पावडर, हे सारे तो पुढे ढकलत नेतो आणि जिथे ओले संपून कोरडे सुरू होते तिथे टाकून देतो. आपल्याला जे वलय दिसते आहे ते तेलाचे नसून त्या सीमारेषेवर जमलेला हा ऐवज आहे.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर यातच दडलेले आहे. वलय पाण्यामुळे उमटते हे अर्धेच खरे. ते ओल्या आणि कोरड्या भागांच्या सीमेमुळे उमटते. ती सीमा बुटाच्या दोन शिवणींमधल्या तुकड्याच्या मधोमध आली तर डोळ्यांत खुपते. सबंध तुकडा शिवणीपासून शिवणीपर्यंत सारखाच दमट केला, तर सीमा शिवणीत जाते आणि मध्ये काही जमायला जागाच उरत नाही. म्हणूनच एक थेंब घातक आणि पूर्ण तुकड्यावरचा सारखा ओलावा उपकारक, हे वरवर उलटसुलट वाटणारे विधान मी केले होते. विसंगती नव्हती, पण कारण न सांगता केलेले विधान विसंगत वाटले तर त्याचा दोष वाचणाऱ्याला देता येत नाही.

आता घरगुती उपायांकडे येतो. इथे मात्र मी माझे म्हणणे मागे घेणार नाही. कारणे देणे तेवढे बाकी होते.

कमावलेले चामडे हे स्वभावाने आम्लधर्मी असते. त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप; सातच्या खाली आम्ल, वर अल्क) साधारणपणे साडेतीन ते पाचच्या दरम्यान असतो आणि तंतूंना बांधून ठेवणारी कमावणीची द्रव्ये, रंग व मुरवलेली स्निग्धता हे सारे त्या आम्लतेत स्थिर राहते. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू आठच्या थोडा वर असतो, तर अंगाच्या साबणाचा नऊ-दहापर्यंत जातो. असा अल्कधर्मी ओलावा लागला की रंग सुटू लागतो. झाडांच्या सालींतील टॅनिनने कमावलेले चामडे तर तेवढ्या जागी काळवंडते आणि वाळल्यावर ताठ होते. कोरडा सोडा नुसता तेल शोषण्यासाठी पसरला तर लगेच काही बिघडत नाही, हे मी मान्य करतो. परंतु स्वेडच्या लवेतून तो पूर्ण निघत नाही, आणि पुढे कधीतरी बुटावर पावसाचे चार थेंब पडले की तिथल्या तिथे त्याचे द्रावण तयार होते. टाल्कम पावडर, मक्याचे पीठ किंवा मुलतानी माती हेच काम करतात आणि मागे ही भीती ठेवत नाहीत, मग सोड्याचा आग्रह कशाला?

टूथपेस्टने डाग जातो असे आपण लिहिले आहे, आणि तो जातोही. प्रश्न आहे तो कशामुळे जातो हा. टूथपेस्टमध्ये दातांवरचे किटण खरवडण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका यांचे बारीक कण घातलेले असतात. चामड्यावर घासल्यावर ते डागाबरोबर वरचा लेपही खरवडून काढतात. ज्या जागेवर हा उपाय केला असेल ती खिडकीजवळ नेऊन उजेड तिरका पडेल अशी धरावी. भोवतालची चमक त्या जागी अचानक विझलेली दिसेल आणि बोट फिरवल्यास किंचित खरखर लागेल. हा भाग पुढे आजूबाजूपेक्षा लवकर मळतो, आणि मग डाग परत आला असे वाटून माणूस पुन्हा टूथपेस्ट काढतो.

हेअरस्प्रेबाबत मी स्वतःच्या अनुभवावरून बोलू शकतो. तो उपाय चालतो असे जे ऐकिवात आहे त्याचे कारण त्यातले अल्कोहोल, कारण बॉलपेनची शाई पाण्यात विरघळत नाही पण अल्कोहोलमध्ये विरघळते. त्याबरोबर केस बसवणारी चिकट राळही चामड्यावर बसते, ती गोष्ट वेगळी. काही वर्षांपूर्वी माझ्या तपकिरी पिशवीवर पेनाची रेघ उमटली, तेव्हा मी शहाणपणा करून हेअरस्प्रे टाळला आणि थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतले. कापसाचा पहिला बोळा निळा झाला, दुसराही निळा झाला, आणि मी खूश झालो. तिसरा बोळा तपकिरी निघाला. तो पिशवीचा रंग होता. शाईची पुसट रेघ अजून दिसत होती म्हणून मी चौथा बोळा घेतला, आणि आज त्या पिशवीवर रेघ नाही, पण रुपयाएवढा फिका ठिपका आहे. अल्कोहोल वापरूच नये असे मी म्हणत नाही. रंगाचा जाड थर असलेल्या चामड्यावर, आतल्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी पाहून, बोळ्याने टिपत (घासत मुळीच नाही) ते वापरता येते. बोळ्यावर शाईऐवजी चामड्याचा रंग दिसला की हात तिथेच थांबला पाहिजे, मग रेघ अर्धी राहिली तरी चालेल.

या सगळ्या उपायांवर मी एकसारखा चिडलेलो दिसतो याचे खरे कारण असे की ते डागावरून सुरू होतात: शाई असेल तर हे लावा, तेल असेल तर ते. पहिला प्रश्न डाग कशाचा हा नसून तो कशावर पडला आहे हा असायला हवा. माझ्या लेखाची रचनाही डागांच्या प्रकारांनुसार केलेली होती आणि तीच त्याची मूळ खोट होती, हे आपल्या प्रतिक्रियेमुळे माझ्या ध्यानात आले. वस्तूच्या आतल्या बाजूला पाण्याचा एक लहान थेंब ठेवावा. तो मण्यासारखा उभा राहिला, तर वर रंगद्रव्याचा आणि लेपाचा थर आहे. बहुतेक डाग त्या थरावरच असतात आणि जेमतेम ओल्या फडक्याने, फार तर पाण्यात मिसळलेल्या सौम्य, सामू समतोल असलेल्या साबणाच्या फेसाने निघतात. थेंब मुरून जागा गडद झाली, तर ते चामडे उघडे आहे. त्याच्यात रंग भिनवलेला आहे पण वर पांघरूण नाही, आणि पडलेला डाग तंतूंत उतरलेला आहे. स्वेड आणि नुबक या दुसऱ्या गटातले. दोन्ही हाताला मखमली लागतात म्हणून लोक त्यांना एकच समजतात, परंतु स्वेड ही कातड्याची आतली, मांसाकडची बाजू असते, तर नुबक ही केसांकडची वरची बाजू बारीक घासून केलेली असते. नुबकची लव फार आखूड असल्यामुळे पितळी तारांचा ब्रश, जो स्वेडला सोसतो, तो नुबकवर ओरखडे पाडतो.

कशावर पडला आहे या प्रश्नाचे महत्त्व दाखवणारे एक उदाहरण देतो, कारण ते मला फार आवडते. फिकट रंगाच्या पट्ट्यावर किंवा पिशवीवर कधीकधी निळसर काळे ठिपके दिसतात, जे कशानेच पुसले जात नाहीत. अनेकांना ते शाईचे किंवा बुरशीचे वाटतात. वास्तविक तिथे लोखंड लागलेले असते: गंजका बक्कल, एखादी चावी, ओल्या हातावरचा लोखंडाचा चुरा. लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळी शाई तयार होते. शेकडो वर्षे दस्तऐवज याच शाईने लिहिले गेले. म्हणजे डाग बाहेरून पडलेला नसतो, तो चामड्यातच तयार झालेला असतो, आणि अल्कोहोल किंवा साबण त्याचे काहीही करू शकत नाही. पातळ केलेला लिंबाचा रस मात्र कापसाने टेकवला की तो डोळ्यांदेखत फिका होतो; नंतर ती जागा साध्या पाण्याने टिपून घ्यावी लागते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्यावर हा डाग सहसा पडतच नाही.

असाच घोळ पांढऱ्या थरांच्या बाबतीत होतो. कपाटातून काढलेल्या बुटावर पांढुरकी पूड दिसली की बुरशी म्हणून ती व्हिनेगरने धुतली जाते. पुष्कळदा ती चामड्यात मुरवलेली स्निग्धता असते, जी थंडीत गोठून वर आलेली असते. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून दाखवावी. स्निग्धता असेल तर विरघळून दिसेनाशी होते, बुरशी असेल तर जशीच्या तशी राहते आणि तिला कुबट वासही असतो.

जाणकाराकडे देण्याविषयीचा टोमणा मी खिलाडूपणे घेतो. पण काही बाबतींत काढून टाकण्यासारखा डागच नसतो. फिक्या चामड्याला जीन्सचा निळा रंग महिनोन्महिने घासून लागला, तर तो वरच्या थरात भिनून त्याचाच भाग झालेला असतो. जुन्या पुस्तकांच्या बांधणीचे चामडे तांबडी भुकटी होऊन बोटांना लागते, तेव्हा तो मळ नसून तंतूच आम्लाने कुजलेले असतात; ते पुसणे म्हणजे चामडे पुसून टाकणे. अशा ठिकाणी स्वच्छता संपते आणि नव्याने रंग देणे किंवा जतन करणे सुरू होते. ते वेगळे काम आहे आणि ते मला येत नाही.

आता आपल्या बुटाकडे. पाण्याला अजून हात लावू नये, कारण तेल थोडे जरी शिल्लक असेल तरी तेवढ्या जागी पाणी सारखे पसरणार नाही. बूट पूर्ण वाळला आहे याची खात्री करून तेलाच्या जागेवर मक्याचे पीठ जाडसर पसरावे, रात्रभर ठेवावे, सकाळी मऊ ब्रशने झटकावे, आणि झटकलेले पीठ कोरडे, मोकळे निघेपर्यंत हे करत राहावे. त्यात गुठळ्या येत असतील तर तेल अजून सुटते आहे. त्यानंतर सगळी लव एकाच दिशेने ब्रश करून मोकळी करावी. बुटात साधा पांढरा कागद ठासून भरावा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई ओल्या स्वेडला लागते. घट्ट पिळलेल्या स्पंजाने, वलय ज्या तुकड्यावर आहे तो तुकडा एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत हलक्या हाताने सारखा दमट करावा. पाणी झिरपता कामा नये, नुसता रंग सगळीकडे एकसारखा गडद दिसला पाहिजे. दुसऱ्या बुटाचा तोच तुकडाही दमट करावा, नाहीतर वाळल्यावर जोडीच्या छटा वेगळ्या दिसतात. मग कोरड्या पांढऱ्या फडक्याने टिपून दोन्ही बूट सावलीत, वारा लागेल असे ठेवावेत. ऊन, हीटर किंवा ड्रायरची गरम हवा अजिबात नको, कारण टॅनिनने कमावलेले ओले चामडे सत्तर-ऐंशी अंश सेल्सिअसलाच आकसू लागते आणि आकसलेले पुन्हा ताणले जात नाही.

एक-दोन दिवसांनी बूट हाताला ताठ लागतील. त्याने घाबरून जाऊ नये, ब्रश फिरवला की लव पुन्हा उभी राहते. वलयाची पुसट कड उरलीच, तर ती स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासावी. आणि तेलाच्या जागी गडद छटा परत वर आली, तर ते खोलवरचे तेल वाळताना पृष्ठभागाकडे आलेले असते. त्यावर पुन्हा पीठच पसरावे, ओले फडके नव्हे.

आपला,
लेखक