निदान उशिरा झालं, म्हणजे डॉक्टर दोषीच?

‘कॅन्सर उशिरा कळला, म्हणजे डॉक्टर दोषीच. तज्ज्ञाचं मत लागत नाही, थेट पोलिसात जा. दोन वर्षं उलटली असतील तर मात्र विसरा.’ हा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्यावर विसंबून माणसं चुकीच्या दारात जातात आणि खरी केसही हातची घालवतात.

आधी ‘दोषीच’चं बघू. आपल्याकडे फुप्फुसाच्या कॅन्सरला टीबी समजून एकेटी (टीबीच्या गोळ्या) सुरू होणं नवं नाही. खोकला, घटणारं वजन, एक्स-रेवरची सावली, दोन्हींत सारखंच दिसतं. त्यामुळे सुरुवातीला टीबीची शंका घेणं हा निष्काळजीपणा नव्हे. पण थुंकीत जंतू नाहीत, सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह, दोन महिने गोळ्या घेऊनही सावली वाढतेय, आणि तरी सीटी नाही, बायोप्सी नाही, मोठ्या रुग्णालयात पाठवणंही नाही? तिथे डॉक्टरांना जाब विचारायलाच हवा. तेवढ्यानेही भागत नाही. त्या महिन्यांत नेमकं काय बिघडलं, हेही दाखवावं लागतं. आजार पहिल्या भेटीतच चौथ्या स्टेजला असेल, तर उशिराबद्दलचा दावा टिकणं अवघड.

तज्ज्ञाच्या मताबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. प्रत्येक ग्राहक तक्रारीत ते सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये किशनराव खटल्यात म्हटलं. पण तिथे मलेरियाच्या रुग्णाला टायफॉइडचे उपचार दिले होते, चूक उघड होती. गाठ कधी पसरली, हे ऑन्कोलॉजिस्टशिवाय (कॅन्सरतज्ज्ञाशिवाय) कोण सांगणार?

पोलिसांचा सल्ला तर घातकच. जेकब मॅथ्यू खटल्यापासून (2005) फौजदारी गुन्ह्याला साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो. भरपाईची जागा ग्राहक आयोग. सगळ्यांनाच मोफत उपचार देणारं सरकारी रुग्णालय असेल, तर दिवाणी न्यायालय.

दोन वर्षांची मुदत खरी, पण हानी लपलेली असेल तर ती कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, मोजतात. सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफही करतो. म्हणून ‘विसरा’ हे चूक. मात्र त्रास होत असूनही वर्षानुवर्षं गप्प बसलेल्या तक्रारदार बाईंचा दावा 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदतबाह्य ठरवला.

तेव्हा उपचारांच्या कागदपत्रांसाठी आजच लेखी अर्ज द्या. कागदपत्रं 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. भरती रुग्णाची फाइल जपण्याचं बंधन मात्र 3 वर्षांचंच. बायोप्सी झाली असेल, तर स्लाइड (तपासलेल्या काचपट्ट्या) आणि ब्लॉकही (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या.