उंची मोजणाऱ्यांनो, जरा वर बघा

सकाळपासून डोक्यात तिडीक गेलीये, लिहिल्याशिवाय उतरायची नाही. आज धाकट्याची फुटीची, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, मॅच होती. सुरुवातीला मधोमध बॉल वर जातो ना, तिथे उडी मारायला त्याला उभं राहायचं होतं. त्या खेळाडूला रक किंवा रकमन म्हणतात. कोचनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "रकला उंच मुलं लागतात, तू मागे जा." अकरा वर्षांचं पोर! गेला मुकाट्याने. घर येईपर्यंत गाडीत चकार शब्द नाही.

मेलबर्नमध्ये पोरांना फुटी शिकवता आणि जुना रकमन रॉय कॅझली आठवत नाही?

१८९३ मध्ये इथेच, आल्बर्ट पार्कला जन्मला. उंची ५ फूट ११ इंच. आपल्या घरात ताडमाड ठरला असता, पण रकमन म्हणून तेव्हाही कमीच. हा माणूस घरच्या शेडमध्ये बॉल टांगायचा आणि त्यावर उड्या मारायचा. रोजच्या रोज. उडी घेताना श्वास आत ओढायचा, त्याने अंग आणखी वर उचललं जातं अशी त्याची खात्री. १९११ मध्ये सेंट किल्डा क्लबच्या खेळाडूंनी संप केला, म्हणून नवी पोरं घेतली, त्यात हा १८ वर्षांचा. १९२१ पासून साउथ मेलबर्न क्लबकडे. तिथे सोबतचा फ्रेड फ्लायटर ओरडायचा, "अप देअर, कॅझली!" मग अख्खं मैदान ओरडायला लागलं. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाचे सैनिक हीच आरोळी ठोकत होते. टांगलेल्या बॉलने केवढं दिलं बघा!

हो, आजचे रकमन दोन मीटरचे असतात. मान्य. पण ते मोठ्यांच्या लीगमध्ये. अकरा वर्षांच्या पोराची उंची आजच ठरली का?

आणि कुणी म्हणेल, त्या लीगमध्ये कॅझलीला एकही विजेतेपद नाही. नाही मिळालं. सेंट किल्डाकडून ९९ सामने, साउथ मेलबर्नकडूनही ९९. दोन्हीकडे शंभराला एक कमी. मला तर तो आकडा वाचून गलबलून आलं. तरी गडी थांबला नाही, १९४१ मध्ये कँबरवेल क्लबकडून मैदानात उतरला तेव्हा ४८ वर्षांचा होता.

दुपारी मी हे सगळं धाकट्याला सांगितलं. जेवण अर्धं टाकून उठला. कांद्याची लाल जाळी रिकामी केली, कांदे ओट्यावर तसेच, जाळीत जुना बॉल घातला आणि बाबाला गॅरेजच्या तुळईला बांधायला लावला. पहिल्या दहा उड्यांत बोटंसुद्धा लागली नाहीत. मी दारात उभी होते, जीव तुटत होता, पण म्हटलं नाही काही. मग एकदा मधलं बोट लागलं आणि जाळीतली कांद्याची सालं त्याच्या केसांत पडली. काय हसला!

कोच वाईट नाहीत, शनिवार-रविवार फुकट राबतात. राग त्यांच्यावर कमी, त्या एका नजरेवर जास्त.

अंधार पडलाय. मी इथे टाइप करतेय आणि गॅरेजमधून अजून धप्प-धप्प चालू आहे. आत्ता येऊन सांगून गेला, "आई, बाबाला सांग, जाळी दोन बोटं वर बांध."