गुठळीवर मालिश करायची नसते : फुगलेल्या नसांच्या ‘त्या’ मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात कोल्हापूरला आत्याकडे गेले, तर फुगलेल्या नसांसाठी डॉक्टरांनी दिलेले तिचे दाबाचे घट्ट मोजे कपाटात तळाशी घडी करून ठेवलेले. तीस वर्षं खानावळीच्या शेगडीसमोर उभं राहून तिच्या दोन्ही पायांच्या नसा फुगल्यात. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला जखम आहे, चार महिने झाले तरी भरत नाही. “भिशीच्या ग्रुपवर आलंय, मोज्यांनी रक्त अडतंय म्हणून काढून ठेवले,” म्हणाली. त्याच पायाची पोटरी दोन दिवसांपासून सुजली होती आणि संध्याकाळी मालिशवाल्या बाई येणार होत्या. कारण तेही मेसेजमध्येच होतं.

मेसेज थोडक्यात असा : फुगलेल्या नसांत घाण रक्त साचतं, ते सुई टोचून किंवा जळवा लावून काढा. गुठळी असेल तर गरम मोहरीच्या तेलाने जोरात मालिश करा, ती विरघळते. दाबाचे मोजे घालू नका. लेझरने नस जाळली की पाय कायमचा निकामी होतो. २१ दिवस लसूण-आलं-लिंबाचा काढा घ्या, नसा पूर्ववत होतील.

मालिशचंच आधी बोलते, कारण बाकीच्या सल्ल्यांनी पैसा आणि वेळ जाईल, या सल्ल्याने माणूस जाऊ शकतो.

पायात नसांचे दोन थर असतात. कातडीखालच्या वरवरच्या नसा आपल्याला दिसतात. स्नायूंच्या आतल्या खोल नसा दिसत नाहीत, पण पायातलं सुमारे नव्वद टक्के रक्त त्यांतूनच वर जातं. या खोल नसेत गुठळी झाली की बहुतेक वेळा एकच पाय सुजतो, पोटरी दुखते, गरम लागते. ही गुठळी तेलाने विरघळत नाही. ती नसेच्या भिंतीला सैल चिकटलेली असते. वरून जोर दिला तर तिचा तुकडा सुटू शकतो, आणि सुटलेला तुकडा हृदयाच्या उजव्या कप्प्यातून थेट फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो. अचानक धाप लागते, छातीत दुखतं, कधी माणूस जागच्या जागी कोसळतो. मोठा तुकडा असेल तर दवाखान्यापर्यंत पोहोचायलाही वेळ मिळत नाही.

हे मी इतकं ताणून सांगतेय त्याला कारण आहे. आपल्याकडे बाळंतिणीला तेल लावून रगडण्याची रीत आहे आणि तिला गुठळीचा धोका सगळ्यात जास्त असतो तो बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांतच. सिझेरियन झालं असेल तर आणखी वाढतो. मालिशला माझा विरोध नाही, माझीही झाली होती. पण एकच पोटरी सुजली, दुखायला लागली, तर त्या पायाला कुणी हात लावायचा नाही. ऑपरेशननंतर, प्लास्टर असताना, लांबच्या प्रवासानंतरही हेच. त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे नसांतला रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करायची. गुठळी निघालीच तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या देतात. त्या गुठळी वाढू देत नाहीत, शरीर ती हळूहळू विरघळवतं. साधारण तीन महिने तरी गोळ्या घ्याव्या लागतात. मधेच सोडायच्या नाहीत.

आता ‘घाण रक्त’. फुगलेल्या नसेतलं रक्त घाण नसतं. नसांत रक्त वर जाऊ देणाऱ्या आणि खाली येऊ न देणाऱ्या झडपा असतात. त्या ढिल्या झाल्या की रक्त मागे फिरतं आणि नस फुगते. सुई टोचून रक्त काढलं तरी ढिली झडप तशीच राहते, नस पुन्हा भरते. वर अशा नसेतून रक्ताची धार लागू शकते. लागलीच तर आडवं व्हा, पाय उंच धरा, स्वच्छ फडक्याने घट्ट दाबा आणि दवाखाना गाठा. जळवांचा उपयोग प्लास्टिक सर्जन तुटून पुन्हा जोडलेल्या बोटांसाठी खरोखर करतात, एवढं मान्य. झडपा दुरुस्त करायला नाही.

मोज्यांबाबत मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे. मधुमेह किंवा विडी-सिगारेटमुळे पायाच्या धमन्याच अरुंद झाल्या असतील, तर घट्ट मोजे घातक ठरतात. म्हणून ते देण्याआधी घोट्याचं आणि दंडाचं ब्लडप्रेशर मोजून तुलना करतात. आत्याचं मोजलं होतं, ठीक होतं. तिच्यासाठी मोजे म्हणजे औषधच.

‘पाय निकामी’ हे वाचून तर संतापच आला. १९६७ साली अमेरिकेत क्लीव्हलँडमध्ये हृदयाचे सर्जन रेने फावालोरो यांनी पायाची वरवरची लांब नस, लेझरने बहुतेकदा बंद करतात तीच, काढून हृदयाच्या बायपाससाठी वापरायला सुरुवात केली. तेव्हापासून जगभर लाखो लोकांची हीच नस काढली गेली आहे. तुमच्या ओळखीतले बायपास झालेले काका चालतात ना? लेझरमध्ये तर ती काढतही नाहीत, आतून उष्णता देऊन बंद करतात. खोल नसा शाबूत असल्या की रक्त त्यांतून जातं. म्हणून तर आधी डॉपलर.

आणि जखमेचं काय? ब्रिटनमध्ये अशा जखमा असलेल्या ४५० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. दाबाचं बँडेज सगळ्यांनाच होतं. निम्म्यांची नस दोन आठवड्यांच्या आत बंद केली, बाकीच्यांना थांबवलं. पहिल्या गटात निम्म्या रुग्णांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, दुसऱ्यात त्याला ८२ दिवस लागले. म्हणजे मोजे काढून आणि नस बंद करणं लांबवून काढा पीत बसण्यात आत्याचे आठवडेच्या आठवडे वाया जात होते.

हो, काही ठिकाणी नुसत्या केसासारख्या निळ्या रेषांसाठीही लेझर गळ्यात मारतात. नसा पुन्हा फुगूही शकतात. शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. काढ्यावर लिहिण्यासारखं काही नाही, लसूण आमटीत घाला.

मालिशवाल्या बाईंना मी दारातूनच परत पाठवलं आणि आत्याला डॉपलरला नेलं. खोल नसेत गुठळी नाही निघाली. सूज मोजे काढल्यामुळे होती, जखमेला कारण असलेली वरची नस बंद करायची तारीख मिळाली आहे. भिशीच्या ग्रुपवर हे सगळं आत्यानेच बोलून पाठवलं, कारण तिथे तिचं ऐकतात.